खोकल्याची बाटली आणि दम्याचा पंप

विशेष प्रतिनिधी, काटोल

मध्य प्रदेशातील विषारी खोकला औषधाच्या दुर्घटनेने पालकांच्या मनात धास्ती निर्माण केली. मात्र, लहान मुलाला महिन्यामागून महिना खोकल्याची बाटली लागतेच का, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. त्याचे उत्तर अनेक घरांत 'बाळदमा' हे आहे आणि ते उच्चारायला पालक, डॉक्टर व सरकारी यंत्रणा असे सारेच कचरतात.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या शासकीय आणि खासगी रुग्णालयांत मध्य प्रदेशातून एकामागून एक लहान मुले दाखल होत होती. छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया परिसरातील या मुलांना सुरुवातीला साधी सर्दी, ताप आणि खोकला होता. त्यावर दिलेल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. 'कोल्ड्रिफ' नावाच्या या पातळ औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य ४८.६ टक्के असल्याचे तामिळनाडूच्या औषध नियंत्रण यंत्रणेच्या तपासणीत निष्पन्न झाले. वीसहून अधिक बालके दगावली. काटोलपासून मध्य प्रदेशची सीमा फार दूर नाही. नरखेड ओलांडले की पांढुर्णा लागते. दोन्ही बाजूंना सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे. त्यामुळे ही बातमी या भागात परक्या मुलखातील बातमी म्हणून वाचली गेली नाही.

या प्रकरणानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना सूचना दिली. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणतः टाळावीत, असे त्यात म्हटले आहे. तत्पूर्वी डिसेंबर २०२३ मध्येच औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास उत्पादकांना सांगितले होते. कोल्ड्रिफमध्ये याच मिश्रणाचा समावेश होता.

हे सारे आदेश काय देऊ नये ते सांगतात. काय द्यावे, हा प्रश्न उरतोच. बहुतेक मुलांचा खोकला विषाणूमुळे होतो आणि आठवडा-दीड आठवड्यात आपोआप बरा होतो. त्यांना बाटलीची गरजच नसते. परंतु काही मुले अशी असतात की त्यांचा खोकला जातो आणि पंधरा दिवसांत परत येतो. रात्री दोन-तीनच्या सुमारास ती उठून बसतात, पळाली किंवा खदाखदा हसली की खोकतात, श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. परासियाच्या मुलांच्या आजाराचा दम्याशी काही संबंध नव्हता. पण खोकला दिसला की बाटली आणायची, ही सवय दोन्हीकडे सारखीच आहे आणि दम्याच्या मुलाला ती वेगळ्या प्रकारे महाग पडते.

नाव घेण्याची भीती

मराठी माणसाच्या मनात 'दमा' हा शब्द ओसरीवर खोकत बसलेल्या आजोबांशी जोडलेला आहे. तीन वर्षांच्या मुलाला दमा, हे ऐकायलाच विपरीत वाटते. दमा जडला की तो जन्माचा सोबती, ही त्यापुढची समजूत. मुलीच्या बाबतीत तर ही भीती थेट तिच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचते. पालकांची ही मनःस्थिती ओळखून अनेक डॉक्टरही थेट शब्द टाळतात. 'ॲलर्जिक ब्राँकायटिस', 'कफाची प्रकृती', 'छाती भरते' अशा शब्दप्रयोगांनी वेळ मारून नेली जाते. नाव नाही म्हणून नियमित उपचार नाहीत आणि उपचार नाहीत म्हणून दर महिन्याला नवी बाटली, असे हे चक्र आहे.

या चक्राची व्याप्ती किती आहे, हे 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या भारतातील पाहणीने दाखवून दिले. पुण्यासह देशातील नऊ केंद्रांत सुमारे सव्वा लाख मुले आणि त्यांचे पालक यांची ही पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना दम्याची घरघर होती त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांच्या आजाराचे निदानच झालेले नव्हते. ज्यांची लक्षणे तीव्र होती त्यांच्यातही हे प्रमाण ७० टक्के होते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंतील आपला वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. आजार आपल्याकडे जगाहून वेगळा नाही. तो ओळखण्यात आणि सांभाळण्यात आपण कमी पडतो, एवढाच या दोन आकड्यांमधील तफावतीचा अर्थ होय.

अर्थात, घरघर करणाऱ्या प्रत्येक मुलावर दम्याचा शिक्का मारणेही चुकीचे ठरेल. अमेरिकेतील टुसान येथे १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांना केव्हा ना केव्हा घरघर झाली होती. परंतु पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांची तक्रार सहाव्या वर्षापर्यंत थांबली होती. लहान वयात श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. विषाणूच्या संसर्गाने त्या सुजल्या की आवाज येतो, वय वाढले की तो जातो.

मग ओळखायचे कसे? पाच वर्षांखालील मुलाला फुंकर मारून करावयाची फुप्फुसाची चाचणी नीट जमत नाही. त्यामुळे निदान एखाद्या अहवालावरून न होता आजाराच्या चालीवरून करावे लागते. सर्दी नसतानाही खोकला येतो का, झोपमोड होते का, खेळताना मूल मागे पडते का, अंगावर खाजरा इसब आहे का, आई-वडिलांपैकी कुणाला दमा वा ॲलर्जीची सर्दी आहे का, याची नोंद पालकांनी ठेवली तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. त्यानंतर दोन-तीन महिने नियंत्रक औषध देऊन पाहणे आणि ते थांबवल्यावर तक्रार परतते का ते तपासणे, ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. दर वेळी डॉक्टर बदलणाऱ्या कुटुंबाला मात्र हे शक्य होत नाही. काटोलला एक, नातेवाइकांकडे सावनेरला दुसरा आणि फारच वाढले की नागपूरला तिसरा, अशी धावपळ झाली की प्रत्येक डॉक्टरपुढे येतो तो केवळ त्या दिवशीचा खोकला.

मायक्रोग्रॅमचा हिशेब

निदान स्वीकारले तरी पुढचा अडसर असतो तो पंपाचा. पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा उपाय, त्यात स्टिरॉइड असते, हे तीन आक्षेप शहरातील सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. यातील तिसरा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच.

दम्यात श्वासनलिकेच्या आतील अस्तराला सतत सूज असते. साल्बुटामॉलसारखे औषध आवळलेली नलिका मोकळी करते आणि काही मिनिटांत आराम देते. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवण्याचे काम ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड करते. त्याचा परिणाम तत्काळ दिसत नाही, म्हणूनच ते रोज घ्यावे लागते. नेमके हेच औषध पालक पहिल्यांदा बंद करतात, कारण मूल बरे दिसू लागलेले असते.

आता हिशेब पाहू. लहान मुलाला ब्युडेसोनाइडची कमी मात्रा दिवसाला सुमारे २०० मायक्रोग्रॅम असते. तेच मूल नियंत्रणाअभावी तीव्र झटक्याने रुग्णालयात पोहोचले की त्याला तोंडावाटे प्रेडनिसोलोन देतात. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम असते. म्हणजे १५ किलोच्या मुलाला एका दिवसात १५ ते ३० मिलिग्रॅम, अर्थात १५ हजार ते ३० हजार मायक्रोग्रॅम. ही दोन औषधे एकसारखी नाहीत, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. परंतु स्टिरॉइडच्या भीतीने पंप टाळणारे पालक मुलाला वारंवार कितीतरी अधिक स्टिरॉइडकडे ढकलत असतात, एवढे त्यातून स्पष्ट होते. शिवाय पंपाचे औषध बव्हंशी फुप्फुसातच काम करते, तर गोळीचे औषध साऱ्या शरीरात फिरते.

दुष्परिणाम मुळीच नाहीत, असेही म्हणता येणार नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात बालपणी काही वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच कमीत कमी मात्रा, दर तीन महिन्यांनी फेरतपासणी आणि पंपानंतर चूळ भरणे हे नियम आहेत. रात्र-रात्र बसून काढणाऱ्या मुलासाठी या सव्वा सेंटिमीटरचा विचार कसा करायचा, हे डॉक्टरांनी पालकांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. न बोलता लिहून दिलेला पंप कपाटातच राहतो.

मॉन्टेलुकास्टच्या गोड गोळ्या व पातळ औषध पंपाऐवजी सर्रास दिले जाते. या औषधाने काही मुलांत झोपेचे, वर्तनाचे आणि मनःस्थितीचे विकार दिसल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक प्रतीचा इशारा छापण्यास सांगितले. पंप 'जहाल' आणि बाटली 'सौम्य', ही आपली वर्गवारी तपासून पाहण्याची गरज आहे, ती यामुळेच. साल्बुटामॉलच्या पातळ औषधाचेही तसेच. त्याचा परिणाम उशिरा होतो आणि हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्रास अधिक होतात.

अशा संभ्रमात चमत्काराची वाटही मोकळी राहते. मृग नक्षत्र लागले की इकडे शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो आणि तिकडे हैदराबादला दम्यासाठी जिवंत माशासोबत औषध गिळण्याकरिता देशभरातून गर्दी लोटते. या औषधाचा गुण कोणत्याही शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेला नाही. लहान मुलाच्या घशात जिवंत मासा सोडणे धोक्याचे आहे, ते वेगळेच.

मुलीचा प्रश्न आणि पाण्याची बाटली

पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ मध्ये अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझे औषध का भरता येत नाही? पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला. परंतु पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ लहान मुलाला साधत नाही. औषध जिभेवर आणि घशातच राहते. त्यासाठी मध्ये 'स्पेसर' नावाची नळी आणि लहानग्यांना नाकातोंडावर बसणारा मास्क लागतो.

स्पेसरशिवाय लहान मुलाला पंप देणे म्हणजे औषध वाया घालवणे होय. तरीही स्पेसर महाग म्हणून टाळला जातो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये हीच अडचण होती. तेथील डॉक्टरांनी ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली, तिच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून सांधा बंद केला आणि दम्याचा झटका आलेल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांवर तिची चाचणी घेतली. ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच परिणामकारक ठरल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही या उपायाला स्थान आहे. म्हणजे बाटली हवीच असेल, तर ती रिकामी असलेली बरी.

'मशीनची वाफ' दिल्याशिवाय छाती मोकळी होत नाही, हाही असाच एक पक्का समज. वाफेच्या यंत्राने दिलेले साल्बुटामॉल आणि स्पेसरमधून दिलेले साल्बुटामॉल यांची तुलना अनेक अभ्यासांत झाली असून, सर्वसाधारण झटक्यात स्पेसर कोठेही कमी पडलेला नाही. काटोलपासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे. रात्री मुलाला धाप लागली, तर यंत्राच्या शोधात निघण्यापूर्वी घरातच पहिला उपचार सुरू होऊ शकतो, हे या माहितीचे व्यवहारातील मोल आहे.

संत्र्याच्या गावात संत्र्याला बंदी

काटोल हे संत्र्यांचे गाव. येथे फळ संशोधन केंद्र आहे, 'नागपुरी संत्र्या'ला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु याच गावात खोकणाऱ्या मुलाच्या हातातून संत्रे काढून घेतले जाते. पाठोपाठ केळी, दही, ताक, पेरू यांवर बंदी येते. थंड आणि आंबट म्हणजे कफ, असे हे समीकरण. एखाद्या मुलाला एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असू शकते. मात्र ती असली तर तो पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते आणि हे प्रत्येक वेळी घडते. तसे काही नसताना सरसकट पथ्य पाळल्याने दमा कमी होत नाही. मुलाचे पोषण तेवढे घटते. अनेक देशांतील मुलांच्या पाहणीचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण उलटच सांगते. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा फळे खाणाऱ्या मुलांत तीव्र दम्याचे प्रमाण ११ ते १४ टक्क्यांनी कमी, तर तितक्याच वेळा फास्ट फूड खाणाऱ्यांत ते २७ ते ३९ टक्क्यांनी अधिक आढळले. हा केवळ सहसंबंध आहे, फळांनी दमा बरा होतो असा त्याचा अर्थ नव्हे. पण संत्र्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही, एवढे खास.

रक्ताच्या एकाच नमुन्यातून शंभर पदार्थांची 'ॲलर्जी' शोधून देणाऱ्या महागड्या चाचण्यांबद्दलही सावध राहिले पाहिजे. रक्तात प्रतिद्रव्य सापडले म्हणजे त्रास होतोच, असे नाही. लक्षणांशी ताळा जुळला तरच त्या कागदाला अर्थ असतो.

खरे आरोपी बहुधा ताटात नसून घरात आणि अंगणात असतात. गाद्या-गोधड्यांत राहणारे सूक्ष्म धूळकिडे, झुरळे, ओलसर भिंतीवरची बुरशी ही नेहमीची कारणे. विदर्भाच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर सुरू होतात. त्यांच्या ताट्या महिनोन्महिने ओल्या राहतात आणि तोच ओलावा बुरशीला पोषक ठरतो. ताट्या वेळेवर बदलणे, टाकीतील पाणी काढून ती कोरडी करणे, गाद्या-उशा कडक उन्हात घालणे आणि अभ्रे गरम पाण्यात धुणे या साध्या गोष्टी आहेत. त्याने मदत होते, परंतु त्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत, हेही सांगायला हवे.

सर्वांत अधिक आपल्या हातात आहे तो धूर. बिडी-सिगारेट, पऱ्हाटी-तुराट्यांची चूल, पेटवलेला कचरा, धूप आणि डासांची कॉइल यांपैकी काहीही बंद खोलीत जळले की लहान मुलाच्या श्वासनलिकेला ते सोसत नाही. एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचे २००३ मधील एका अभ्यासात आढळले होते. आपल्या मुलाजवळ कुणी सिगारेट ओढली तर आई-बाप चिडतील. त्याच्या उशाशी कॉइल मात्र तेच मायेने लावतात. त्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी चांगली.

शेतीच्या हंगामातील धुळीचाही विचार करायला हवा. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ दिवस असे आले की अचानक दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत रीघ लागली. बरीच वर्षे कारण उमगेना. अखेर या साथींचा बंदरात सोयाबीन उतरवण्याशी संबंध असल्याचे १९८९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. साठवणीच्या कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवली गेली आणि साथी थांबल्या. काटोल परिसरात पावसाळा सरता-सरता सोयाबीनची मळणी होते, त्यानंतर कापसाचे जिनिंग सुरू होते. दम्याच्या मुलाला खळ्यापासून आणि थ्रेशरपासून दूर ठेवणे हे घरच्यांचे काम. धुळीला तिच्या उगमापाशीच अडवणे हे मात्र कारखानदार आणि प्रशासनाचे काम आहे.

कागदावर आजार आहे, पुढे काय?

शासनाला या आजाराची जाणीव नाही, असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधावयाच्या ज्या ३० व्याधींची यादी या कार्यक्रमात आहे, तीत श्वासनलिकेच्या अतिसंवेदनशीलतेचा, म्हणजे दम्याच्या प्रकृतीचा, स्पष्ट उल्लेख आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याचे बंधन आहे. म्हणजे तालुक्यातील प्रत्येक अंगणवाडीच्या दारापर्यंत डॉक्टरांचे पथक पोहोचणे अपेक्षित आहे आणि त्याने हा आजार शोधणेही अपेक्षित आहे.

अडचण शोधानंतरची आहे. हृदयाला छिद्र असलेले मूल सापडले, तर शस्त्रक्रिया होते आणि प्रकरण संपते. दम्याचे मूल सापडले तर त्याला वर्षानुवर्षे दररोज औषध, दर तीन महिन्यांनी तपासणी आणि पंपाच्या पद्धतीची उजळणी लागते. त्यासाठी वरच्या रुग्णालयात पाठवल्याची चिठ्ठी पुरेशी नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार दम्याचा समावेश झाला, पण त्या कार्यक्रमातील घरोघरची तपासणी तिशीपुढच्या व्यक्तींसाठी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व नागरिकांसाठी खुली झाली असली, तरी तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. परिणाम असा की झटका येऊन मूल दाखल झाले तर खर्च भागू शकतो. तो झटका टाळणारा पंप मात्र दरमहा खिशातून घ्यावा लागतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांतील उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि काटोलसारख्या ठिकाणची ग्रामीण रुग्णालये त्यात मोडतात. साल्बुटामॉल आणि ब्युडेसोनाइड हे दोन्ही पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणजे औषध आवश्यक आहे, हे सरकारला मान्य; उपचार निःशुल्क आहेत, हेही मान्य. मग तालुक्याच्या रुग्णालयात हे दोन पंप, स्पेसर आणि ते कसे वापरायचे हे दाखवणारी परिचारिका वर्षभर असावी, एवढी मागणी करण्यात अवास्तव असे काहीच नाही. ६ मे २०२५ च्या जागतिक दमा दिनाचे ब्रीदही श्वासावाटे घेण्याची औषधे सर्वांपर्यंत पोहोचवा, हेच होते.

हे होऊ शकते, याचा दाखला फिनलंडने दिला आहे. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत त्या देशाने दम्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. त्यासाठी नवी रुग्णालये बांधली नाहीत. प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्याची जबाबदारी एका डॉक्टरकडे आणि एका परिचारिकेकडे सोपवली, औषध दुकानदारांना प्रशिक्षण दिले आणि सूज उतरवणारे औषध सुरुवातीपासूनच देण्यावर भर दिला. १९९३ मध्ये दम्यामुळे रुग्णालयात काढावे लागणारे दिवस वर्षाला १ लाख १० हजार होते. २००३ मध्ये ते ५१ हजारांवर आले. फिनलंड श्रीमंत आहे आणि आपण नाही, हे खरे. परंतु यातील निर्णायक गोष्ट पैसा नसून नेमून दिलेली जबाबदारी होती.

शाळेच्या दप्तरात काय?

दम्याचे मूल दिवसातील पाच-सहा तास अंगणवाडीत किंवा शाळेत असते. तेथे धाप लागली तर शिक्षक पालकांना फोन करतात आणि पालक येईपर्यंत सारे वाट पाहतात. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना तातडीच्या वापरासाठी साल्बुटामॉलचा पंप जवळ ठेवण्याची कायद्याने मुभा मिळाली. आपल्याकडे निदान एवढे करता येईल की मुलाच्या दप्तरात त्याचा पंप, स्पेसर आणि डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेला कागद असावा, तसेच वर्गशिक्षिकेने तो एकदा वाचलेला असावा. त्या कागदावर तीन गोष्टी हव्यात : रोजचे औषध कोणते, खोकला वाढला तर किती फवारे किती वेळाने द्यायचे आणि कोणत्या क्षणी रुग्णालय गाठायचे. श्वास घेताना बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाणे, पोट उडणे, बोलता किंवा दूध-पाणी पिता न येणे, ओठ निळसर होणे, मूल गळून गुंगीत जाणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळपर्यंत थांबू नये. वाटेतही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप सुरू ठेवावा.

दमा आटोक्यात आहे की नाही, हे पालकांना घरबसल्या कळू शकते. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा त्रास झाला का, तातडीचा पंप आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा लागला का, खोकल्याने एकदाही झोपमोड झाली का, खेळ अर्धवट सोडावा लागला का? या चार प्रश्नांची उत्तरे 'नाही' असतील, तर औषध काम करीत आहे. एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ झाली आहे. तेव्हा औषध वाढवण्याआधी पंप घेण्याची पद्धत तपासून घ्यावी. पुष्कळदा दोष औषधाचा नसतो, ते पोहोचतच नसते.

अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि बाल स्वास्थ्य पथके यांना हे चार प्रश्न शिकवायला एक दुपार पुरेशी आहे. नागपूरचे 'मेडिकल', 'मेयो' आणि एम्स या तीन मोठ्या संस्था काटोलपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना स्पेसरचे प्रशिक्षण देणे त्यांना अवघड नाही. कोल्ड्रिफच्या दुर्घटनेनंतर औषधांच्या दुकानांवर छापे पडले, साठे जप्त झाले, आदेश निघाले. ते आवश्यकच होते. पण यंदा पावसाळा सरताच थंडीची चाहूल लागेल, तेव्हा काटोलच्या दवाखान्यांपुढे खोकणारी मुले कडेवर घेऊन आया पुन्हा उभ्या राहतील. 'नवी बाटली लिहून द्या' एवढेच न म्हणता 'याला बाळदमा तर नाही ना' असे त्यांनी विचारावे आणि तो प्रश्न ऐकणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर एक स्पेसर असावा. या दोन गोष्टी जुळून आल्या, तर त्यांतील बऱ्याच मुलांना रात्रीची झोप मिळेल.